पैठण : शुद्धिपत्राचे गाव आणि बावरीच्या शिष्यांची वाट

आपल्या युवक मंडळांच्या धम्मसहली अजिंठ्याला जातात, वेरूळला जातात, औरंगाबाद लेणीला जातात, हौशी मंडळी पितळखोऱ्यालाही जाऊन येतात. पैठणला मात्र कोणी जात नाही. 'ते शास्त्री-पंडितांचे गाव, तिथे आपले काय आहे?' असे तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात. हा प्रश्न रागातून येतो आणि त्या रागाला आधारही आहे. तरीही आमचे म्हणणे असे की पैठण आपण दुसऱ्यांसाठी सोडून देऊ नये. या गावाचा इतिहास शुद्धिपत्रापासून सुरू होत नाही.

आधी रागाचे कारण पाहू. 'दक्षिण काशी' म्हणून मिरवलेल्या या गावात धर्मनिर्णय देणारी ब्रह्मसभा होती. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांना आळंदीच्या ब्राह्मणांनी वाळीत टाकले. पैठणहून शुद्धिपत्र आणा, मग बघू, असे त्यांना सांगण्यात आले. परंपरा हे साल शके 1209, म्हणजे 1287 धरते. रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तिच्या मागचा प्रश्न कोणी विचारत नाही. चार लेकरे माणसांत राहण्याच्या लायकीची आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार या सभेला दिला कोणी? आणि ती लेकरे ब्राह्मणाची होती, म्हणून निदान दाद मागायला पैठणला जाऊ तरी शकली. गावकुसाबाहेरच्या माणसासाठी तसे पत्रच नव्हते.

या गावची विद्या गावातच राहिली असेही नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या रामेश्वरभट्टांचे घराणे काशीला जाऊन स्थायिक झाले. 1513 साली जन्मलेला त्यांचा मुलगा नारायणभट्ट पुढे काशीच्या पंडितांचा अग्रणी बनला. नातू-पणतूंच्या पिढीत कमलाकरभट्टाने 'निर्णयसिंधु' (1612) आणि शूद्रांची कर्मे ठरवणारा 'शूद्रकमलाकर' लिहिला. नीलकंठभट्टाच्या 'व्यवहारमयूखा'चा आधार तर इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टही हिंदू वारसाहक्काच्या खटल्यांत घेत असे. 1674 साली रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले, कमलाकरभट्टाचे पुतणे. मनुस्मृती दहन का करावे लागले हे समजून घ्यायचे असेल, तर मनूबरोबर या टीकाकार-निबंधकारांचीही नावे माहीत पाहिजेत. जुने श्लोक त्यांनीच कामाला लावले आणि रोजच्या व्यवहारात उतरवले.

आता या सगळ्याच्या खूप मागे जाऊ. सुत्तनिपाताच्या शेवटच्या भागात, पारायनवग्गात, बावरी नावाच्या वेदपारंगत ब्राह्मणाची गोष्ट आहे. कोसल देश सोडून तो गोदावरीच्या काठी आश्रम बांधून राहिला होता. एक याचक येऊन पाचशे नाणी मागतो. देण्यासारखे काही उरलेले नसते. तेव्हा याचक शाप देतो, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. इतका मोठा पंडित, पण शापाने त्याची झोप उडते. शाप देणाऱ्याला डोके म्हणजे काय हेही ठाऊक नाही, ते सांगू शकेल असा बुद्ध उत्तरेत आहे, असे कळल्यावर बावरी आपले सोळा शिष्य तिकडे पाठवतो. अजित, पुण्णक, मेत्तगू, धोतक, मोघराज, पिंगिय अशी त्यांची नावे आहेत. वाटेतल्या गावांच्या यादीत पहिलेच नाव आहे पतिट्ठान, म्हणजे आपले पैठण. पुढे माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, सावत्थी असे करत ते मगधात पाषाणक चेतियापाशी तथागतांना भेटतात.

तथागत त्यांना सांगतात, अविद्या हेच ते डोके आणि ते फोडते ती विद्या. शापाला उतारा म्हणून ना मंत्र, ना प्रायश्चित्त, ना शुद्धिपत्र. मग सोळा जण एकेक प्रश्न विचारतात आणि प्रत्येकाला उत्तर मिळते. प्रवासाच्या प्रास्ताविक गाथा मूळ प्रश्नोत्तरांपेक्षा उशिराच्या आहेत असे अभ्यासक मानतात, हेही तरुणांना सांगितले पाहिजे. म्हणजे प्रवासाचे पुरावे म्हणून त्या गाथा दाखवता येणार नाहीत. पण दख्खनेतला धम्म कुठल्या वाटेने आला, याची स्मृती बौद्धांनी जपली आणि त्या स्मृतीत पैठणचे नाव ठेवले, एवढे नक्की. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर करून ठेवले आहे. ते विहारात असू द्या.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर पितळखोऱ्याच्या चैत्यगृहात जा. तिथल्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे कोरली आहेत. त्यांत पतिठानचा मितदेव आहे, गांधिक कुळातला, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणारा. पतिठानच्याच संघकाचे पुत्रही आहेत. हे खांब दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पैठणच्या बाजारातल्या दुकानदाराने आपल्या कमाईतून लेण्याचा एक खांब दिला आणि त्यावर नाव घातले. त्या काळी हे गाव व्यापाराचे मोठे ठाणे होते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. गावाचे पंडित साऱ्यांना माहीत आहेत, पण मितदेवाचे नाव पैठणमध्ये कोणी सांगत नाही. आपणही सांगत नाही.

सातवाहनांबद्दल मात्र भाबडेपणा नको. पैठण ही त्यांची राजधानी. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री भदायनीय भिक्खुसंघाला लेणे दान देते. त्याच लेखात ती आपल्या पुत्राची, गौतमीपुत्राची, स्तुती करते ती चार वर्णांचा संकर थांबवणारा म्हणून. दान संघाला आणि अभिमान वर्णव्यवस्थेचा, दोन्ही एकाच भिंतीवर. 'सातवाहन बौद्ध होते' असे भाषणात ठोकून देणाऱ्यांनी तो लेख एकदा पूर्ण वाचावा. प्रत्येक देवळाखाली विहार शोधण्याचा उत्साहही असाच अंगाशी येतो. पुरावा हातात असेल तेव्हाच बोलावे.

एकनाथांचे (1533–1599) काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. पैठणच्या या ब्राह्मण संताने महाराच्या तोंडी भारुडे लिहिली. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अस्पृश्याचे मूल त्यांनी उचलून घेतल्याची कथा आहे. त्या माणुसकीला आम्ही नाकारत नाही. पण 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन'वर गांधीजींनी टीका केली तेव्हा बाबासाहेबांनी उत्तरात नेमके एकनाथांचेच उदाहरण घेतले, कारण 'धर्मात्मा' चित्रपट तेव्हा नुकताच गाजला होता. एकनाथ अस्पृश्यांना शिवले, त्यांच्याबरोबर जेवले, ते जातीला विरोध म्हणून नव्हे, तर तो विटाळ गंगेच्या स्नानाने धुतला जातो असे त्यांना वाटत होते म्हणून, असे बाबासाहेबांनी लिहिले. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली सांगितली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. सहलीत भारूड जरूर ऐकवा आणि त्याच दिवशी बाबासाहेबांची ही पाने वाचून घ्या.

1950 साली बाबासाहेबांनी मराठवाड्यात कॉलेज काढले, ते पैठणपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. त्याला नाव दिले मिलिंद, नागसेनाला न कचरता प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. परिसर झाला नागसेनवन. खेड्यापाड्यातली, पिढ्यान्‌पिढ्या पाटीपासून दूर ठेवलेली मुले तिथे वह्या घेऊन बसली. प्रवेशासाठी कोणत्याही ब्रह्मसभेचा कागद लागत नव्हता.

पुढच्या सहलीचा बेत आम्ही असा ठरवला आहे. सकाळी नागसेनवन, दुपारी पैठणला गोदावरीचा काठ, दुसऱ्या दिवशी पितळखोरा. तिथे पायऱ्या बऱ्याच उतराव्या लागतात, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असते, म्हणून हिवाळ्यातच जायचे. मितदेवाचा खांब ज्याला आधी सापडेल त्याने नाव मोठ्याने वाचायचे. आणि गोदाकाठी पिंगियाच्या गाथा वाचायच्या. सोळा जणांतला तो सर्वांत म्हातारा. दृष्टी अधू, कान जड, अंगात त्राण नाही. तरी तो परत आला आणि जे ऐकले ते त्याने आपल्या गुरूला, बावरीला, सांगितले.