समाजकार्यात पीएच.डी. : ठाणे-डोंबिवलीकरांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

"इतकी वर्षं वस्तीत काम केलंय, आता डॉक्टरेट मिळायला काय हरकत आहे?" ठाणे, कल्याण, डोंबिवलीत संस्था चालवणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. मग कुणीतरी मोबाइलवर आलेलं पत्रक दाखवतं: अमुक 'आंतरराष्ट्रीय विद्यापीठ', तमुक सभागृहात सोहळा, नोंदणी शुल्क भरा आणि समाजकार्यासाठी मानद डॉक्टरेट घ्या. सगळ्यांत घातक गैरसमज हाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ स्पष्ट आहे. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदवी देता येते. आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती पाहूनच पुढे जा. खऱ्या विद्यापीठाची मानद पदवी हा सन्मान असतो. तो विकत मिळत नाही आणि त्याने संशोधकाची पात्रताही येत नाही.

दुसरा समज जास्त प्रामाणिक आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो: "प्रबंध म्हणजे आपल्या कामाचा सविस्तर अहवाल." अनुभवी कार्यकर्ते अडखळतात ते इथेच. अहवालात आपण काय केलं ते येतं. प्रबंधाला मात्र प्रश्न लागतो, आणि त्याचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत असून चालत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. शहापूर-मुरबाडकडच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबं उचल घेतात, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पोरांची शाळा मधेच सुटते. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाचं शिक्षण हमी कार्डही आलं. आता 'वीटभट्टी मजुरांच्या मुलांचे शिक्षण : एक अभ्यास' असा विषय घेऊन गेलात, तर मार्गदर्शक परत पाठवतील आणि त्यांचं बरोबरच असेल. पण हमी कार्ड घेऊन निघालेलं मूल भट्टीजवळच्या शाळेच्या हजेरीपटावर खरंच येतं का? येत नसेल तर कुठे अडतं: मुकादमापाशी, शाळेच्या दारात, की धाकटं भावंड सांभाळण्यात? हा प्रश्न एका माणसाच्या आवाक्यातला आहे. त्यासाठी दोन्ही शाळांची हजेरीपत्रकं महिन्यागणिक ताडून पाहावी लागतील. आपण भाषणांतून वर्षानुवर्षं जे सांगत आलो ते चूक निघालं, तर तसं लिहावंही लागेल. माझ्या मते या पदवीतला खरा कस इथे लागतो, इंग्रजीत किंवा आकडेमोडीत नाही.

त्याला लागूनच आणखी एक चूक होते. संस्थेच्या कपाटातल्या केस-फायली ही प्रबंधाची आयती सामग्री नव्हे. समुपदेशन केंद्रात आलेली बाई जे बोलते ते मदत मिळावी म्हणून. संशोधनासाठी तिची वेगळी संमती लागते. शिवाय ती तुमच्यावर अवलंबून असेल, तर तिच्या 'हो'ला कितपत मोकळीक होती हेही तपासावं लागतं.

पात्रतेबद्दलच्या वावड्या मात्र पटकन निकालात काढता येतात. एम.फिल. लागत नाही, आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ती पदवीच बंद केली. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत. एम.एस.डब्ल्यू.च हवं की जवळचा विषय चालेल, हे त्या-त्या संस्थेच्या माहितीपत्रकात पाहा. नोकरी सोडावीच लागते असंही नाही: नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, फक्त कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. घरबसल्या, दूरस्थ पद्धतीने मात्र ही पदवी घेता येत नाही. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी केली तर आणखी २ मिळतात, स्त्रियांना त्यावर अजून २. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. "लग्नानंतर कसलं जमतंय" म्हणून अर्ज न भरणाऱ्या मुलींपर्यंत हे पोचायला हवं.

"नेट झाली की प्रवेश झालाच," हाही समज सोडा. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली नसेल, तर ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. फक्त पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्यांचे गुण वर्षभरच चालतात. खरी अडचण पुढे असते, ती मार्गदर्शकाची. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे आवडत्या मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का, ते अर्जाआधी विचारा.

कल्याण-डोंबिवलीकरांची नेहमीची तक्रार अंतराची. १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेली आणि आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था काय, किंवा १९५५ पासूनचं न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन काय, दोन्हीकडे जायला लोकल चुकत नाही. अभ्यासक्रमाच्या किमान १२ श्रेयांकांपुरती ती धावपळ सोसावीच लागते. पण पुढचं क्षेत्रकाम तुमच्याच भागात होऊ शकतं. मुंब्र्यातल्या इमारती, डोंबिवली एमआयडीसीलगतची वस्ती, ठाण्याच्या मनोरुग्णालयातून घरी परतलेली माणसं: दक्षिण मुंबईतल्या संशोधकाला जे गाठायला महिने लागतील, ते तुमच्या रिक्षाच्या अंतरावर आहे.

आणि नोकरी? १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. तेव्हा निव्वळ प्राध्यापकीसाठी हा रस्ता धरू नका. पैशाचं म्हणाल तर कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० आणि पुढे वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही योजना आहेत. पगारी नोकरी चालू ठेवणार असाल, तर यांच्यावर भिस्त ठेवण्याआधी अटी नीट वाचा. अर्ज भरण्यापूर्वी 'शोधगंगा'वर आपल्या विषयाचे दोन-तीन प्रबंध उघडून पाहा. ते फुकट वाचता येतात, आणि आपला प्रश्न आधीच कुणी सोडवलाय का ते तिथेच कळतं.