घरच्या वर्कशॉपसाठी आखूड ड्रिल

हार्डवेअरच्या दुकानात ‘सहाचं ड्रिल द्या’ म्हटलं की लांबी कुणी विचारत नाही. मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो की पुण्याची बोहरी आळी, हातात पडतं ते जॉबर ड्रिल. त्याची मापं ‘डिन ३३८’ या जर्मन मानकात ठरलेली आहेत : ६ मि.मी. व्यासाला एकूण लांबी ९३ मि.मी., त्यातले फ्लूट ५७ मि.मी. त्याच व्यासाचं आखूड ड्रिल ‘डिन १८९७’प्रमाणे बनतं, त्याला स्टब म्हणतात. ते ६६ मि.मी. लांब असतं आणि त्याचे फ्लूट अवघे २८ मि.मी. घरी लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ यांत भोकं मारणाऱ्याने पहिला सेट या स्टबचाच घ्यावा आणि जॉबर गरजेपुरतं सुटं आणावं, असं माझं ठाम मत आहे. बाजाराची रीत उलटी आहे, म्हणून कारणं नीट मांडायला हवीत.

एका टोकाला घट्ट पकडलेल्या दांड्याच्या मोकळ्या टोकाला आडवा जोर लागला, तर तो किती वाकेल हे लांबीच्या घनावर ठरतं. लांबी दुप्पट झाली की वाक आठपट. वरच्या दोन ड्रिलच्या फ्लूटची लांबी साधारण याच प्रमाणात आहे. आता हा आडवा जोर येतो कुठून? ड्रिलच्या टोकावर, दोन धारांच्या मधोमध एक आखूड आडवी कड असते, तिला चिझल एज म्हणतात. ती धातू नीट कापत नाही, दाबून बाजूला सारते. त्यामुळे सपाट पट्टीवर टोक टेकलं की ही कड रुतण्याआधी भरकटते. दोन धारांपैकी एक जरा लांब घासली गेली असेल, तर ड्रिल प्रत्येक फेऱ्याला एकाच बाजूला ढकललं जातं. गोल पाइपवर तर उतारच टोकाला खाली ओढतो. आखूड ड्रिलवरही हे जोर येतातच, पण ते त्यांना दाद देत नाही. लांब ड्रिल वाकतं, आणि वाकलेल्या जागीच भोक सुरू करतं.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, हे आटे पाडताना कळतं. एम६ च्या टॅपसाठी आपण ५ मि.मी.चं भोक मारतो. नेहमीच्या ६एच सहिष्णुतेत, आटे पाडल्यावर आतला व्यास ४.९१७ ते ५.१५३ मि.मी.च्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे ५ च्या वर सूट आहे ती जेमतेम दीड दशांश मि.मी.ची. फेंगडत फिरणारं ड्रिल एवढी सूट सहज खाऊन टाकतं. मग आटे उथळ पडतात, बोल्ट आवळताना सुटतात आणि दोष टॅपच्या माथी मारला जातो. भोक तिरकं गेलं असेल तर टॅपही तिरका शिरतो, आणि घरच्या कामात टॅप मोडण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, सेंटर पंच मारा, सेंटर ड्रिलने सुरुवात करा, मग जॉबर हूं की चूं न करता सरळ जाईल. सल्ला खरा आहे आणि पंच तर स्टबलाही मारावाच. पण छोट्या बेंच ड्रिलवर सेंटर ड्रिलची वाट वाटते तितकी सोपी नाही. ३.१५ चं नेहमीचं सेंटर ड्रिल ५० मि.मी. लांब असतं. त्यानंतर ५ मि.मी.चं जॉबर लावायचं तर ते ८६ मि.मी., म्हणजे ३६ मि.मी. जास्त. घरगुती मशीनचा स्पिंडल खालीवर होतो बहुधा ५० मि.मी.च्या आसपास. मग टेबल खाली घ्यावं लागतं, आणि गोल खांबावरचं टेबल क्लॅम्प सैल केला की बाजूलाही फिरतं. ज्या केंद्रासाठी सेंटर ड्रिल लावलं, ते केंद्रच हरवलं. ५ चं स्टब ६२ मि.मी. असतं. फरक बारा मि.मी.चा, टेबलाला हात लावायची गरज नाही. लेथवर टेलस्टॉकमध्ये चक बसवला की आखूड बेडवर जागा किती उरते, हे मिनी लेथवाल्यांना सांगायला नको. जॉबरच चकात खोल घालून आखूड करावं म्हटलं, तर जबडे फ्लूटच्या कडांवर बसतात. पकड वाईट, आणि ड्रिलच्या कडाही खराब होतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जॉबरला धार लावून लावून वर्षानुवर्षं वापरता येतं, स्टबचे फ्लूट लवकर संपतात. हे मान्यच करायला हवं. पण घरच्या वर्कशॉपमध्ये ५ मि.मी.खालची ड्रिल झिजून संपण्याआधी बहुधा मोडूनच संपतात, आणि मोडण्यामागे वाकणं हेच मोठं कारण. मोडलेलं जॉबर घासून आखूड करणं हाही चांगला मार्ग आहे. फक्त शँककडे जावं तसा ड्रिलचा गाभा जाड होत जातो, त्यामुळे चिझल एज रुंद होते. ग्राइंडरच्या चाकाच्या कडेवर ती बारीक केली नाही, तर असं ड्रिल नुसतं रेटत बसतं.

खरेदीच्या वेळी १ ते १० चा चकचकीत डबा टाळावा. एम३ ते एम८ च्या टॅपसाठी २.५, ३.३, ४.२, ५ आणि ६.८ ही मापं आधी घ्यावीत, पहिली दोन तर दोन-तीन नग. टोक शक्यतो १३५ अंशांचं, स्प्लिट पॉइंटचं असावं, कारण त्यात चिझल एज जवळजवळ उरतच नाही. साध्या एमएसला एचएसएस पुरतं. स्टेनलेस नेहमी लागत असेल तर ५ टक्के कोबाल्टचं एम३५ घ्यावं. कार्बाइड मात्र हलत्या-डुलत्या मशीनवर तडकतं, ते नको.

उरतात ती खोल भोकं, आणि कोनाड्यातली, जिथे चकच जॉबला अडतो. तिथे जॉबरला पर्याय नाही. अशा वेळी व्यासाच्या दुपटीइतकं भोक आधी त्याच मापाच्या स्टबने मारावं आणि मग जॉबर आत सोडावं. भोकाच्या भिंतीच त्याला सरळ धरतात. पुढे दर थोड्या मि.मी.ला ड्रिल वर घेऊन चिप झटकावी आणि कटिंग ऑइलचा थेंब सोडावा.