गोचिडाचं औषध कासवाला नको

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरसारख्या गावात दारात शेळी असली की घरात गोचिडाचं औषध असतंच. टोचून उरलेली आयव्हरमेक्टिनची बाटली फळीवर पडून असते. मग घरातल्या कासवाच्या पेटीत ओल्या थरावर पांढरे ठिपके सरकताना दिसले की हात आपसूक त्या बाटलीकडे जातो. तो तिथेच आवरायला हवा.

आयव्हरमेक्टिन हे काही ऐरंगैरं औषध नव्हे. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. हे औषध किड्याच्या मज्जातंतूंमधले क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवतं आणि किडा लुळा पडतो. गाई-शेळ्यांच्या मेंदूपर्यंत ते सहसा पोहोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते अडवतो. कासवाला हे संरक्षण पुरत नाही. टीअर आणि बुश या अमेरिकी पशुवैद्यकांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं, की या औषधाने कासवांचे पाय लुळे पडतात आणि जीवही जाऊ शकतो. लेपर्ड जातीचं कासव तर त्यातही फारच नाजूक.

म्हणून आधी ठिपके ओळखायचे. पेटीतला चिमूटभर थर कागदावर पसरून भिंगातून बघावा. टुणकन उडून गायब झाला तर तो स्प्रिंगटेल: सहा पायांचा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. पोटाखाली दुमडलेला काटा सुटून खाली आपटतो आणि स्वारी हवेत जाते. त्याच्या अंगाला पाणी लागत नाही, त्यामुळे त्या मातीत पाणी ओतलं की सगळे वर तरंगतात. खातो काय, तर बुरशी आणि कुजका पाला. परदेशातले कित्येक हौशी लोक पेटीत बुरशी होऊ नये म्हणून हे किडे मुद्दाम आणून सोडतात!

उडी न मारता संथ सरकणारा, पांढरट, आठ पायांचा जीव असेल तर तो बुरशीवर जगणारा माइट. कपाशीवरच्या लाल कोळ्याचा हा दूरचा भाऊबंद, साठवलेल्या धान्यातही सापडतो. कासवाचं रक्त तो पीत नाही. त्याची गर्दी वाढली याचा अर्थ एवढाच, की काकडीची साल किंवा पालकाचे देठ खालच्या थरात कुजत पडलेत.

रक्त पिणारी खरी मंडळी म्हणजे गोचीड. मान, पुढच्या पायांची काख, शेपटीचं मूळ अशा मऊ कातडीच्या जागी ती डसून बसते. हा प्रश्न फक्त कासवापुरता राहत नाही. झांबियाहून फ्लोरिडात आलेल्या लेपर्ड कासवांच्या गोचिडांमध्ये ‘हार्टवॉटर’ या रोगाचे जंतू सापडले. आफ्रिकेत गाई आणि शेळ्या-मेंढ्या मारणारा हा रोग. अमेरिकेने २००० साली आफ्रिकेतल्या तीन जातींच्या कासवांची आयातच थांबवली. त्यातली एक जात सल्काटा. भारतात पाळीव म्हणून विकली जाते तीच. ज्या अंगणात शेळ्या बांधल्यात, तिथे कुठून आलं ते ठाऊक नसलेलं कासव सोडणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

मग पेटीत घालायचं काय? बाळापूर तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथली काळी माती भिजली की नखांत चिकटते, वाळली की ढेकूळ होते, शिवाय खारी. नुसती वाळू चाऱ्यासोबत पोटात जाऊन आतडं तुंबवते. आरागिरणीतला भुसा फुकट मिळतो खरा, पण त्याची धूळ डोळ्यांत-फुप्फुसांत जाते, आणि देवदार-चीडसारख्या लाकडांतली उग्र तेलं वेगळीच. सोयाबीन-तुरीचं कुटार ओल लागताच बुरसतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे फवारणी न झालेल्या जागेवरची पोयट्याची माती आणि धुतलेलं कोकोपीट यांचं मिश्रण. आजारी किंवा नव्याने आलेल्या कासवाला काही दिवस साधं वर्तमानपत्र पुरतं. त्यावर शी आणि सुटलेली गोचीड लगेच नजरेला पडते.

किडे नकोत म्हणून पेटी ठणठणीत कोरडी ठेवावी, तर तेही अंगाशी येतं. व्हिएन्नातल्या विस्नर आणि इबेन यांनी २००३ मध्ये सल्काटाची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर उंच टेंगळं आली. खाण्यातल्या प्रथिनांचा परिणाम त्यापुढे किरकोळ ठरला. वऱ्हाडातला मे महिना डोळ्यांपुढे आणला की यातलं गांभीर्य कळतं. थराचा तळ दमट, वरचा भाग कोरडा आणि एक कोपरा जास्त ओला, ही तडजोड चालते. उरलेला पाला रोज उचलायचा. माती बदलताना नवी माती आधी काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात तापवायची. उन्हाळी नांगरट करून कोष उन्हात मारणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

या सगळ्याआधी कासव कोणतं, हेही पाहायला हवं. ‘लक्ष्मी येते’ म्हणून स्टार कासव आणणारे लोक अजून आहेत. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला घरी ठेवणं गुन्हा आहे. नदीतून उचललेल्या मऊ पाठीच्या कासवाचंही तेच. सल्काटासारख्या विदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. हातात मावणारं ते पिल्लू पुढे चाळीस किलोंच्या घरात जातं आणि खोल बिळं खणतं, हे विकणारा सहसा सांगत नाही. स्टार कासव घरात असेलच, तर परस्पर शेतात सोडू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

कासव खाईनासं झालं, नाकातून फुगे येऊ लागले किंवा कवचाला वास येऊ लागला, तर बाटल्यांशी खेळ करू नये. अकोल्यात पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, बाळापूरहून फार दूर नाही. जाताना डबीत ताजी शी आणि पेटीतला मूठभर थर न्यावा; डॉक्टरांचा अर्धा तपास त्यातच होतो.