हेवीवेट: दरारा कुठे ओसरला?
मुष्टियुद्धातले हेवीवेट अली, फ्रेझर, फोरमन एकमेकांना टाळत नव्हते. एकट्या अली-फ्रेझर जोडीच्या १९७१ ते १९७५ दरम्यान तीन लढती झाल्या. मनिलातली शेवटची चौदा फेऱ्या चालली. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू किताबी लढतीनंतर दगावला आणि पंधरा फेऱ्यांच्या हळूहळू बारा झाल्या. ते योग्यच झाले. खरा घोळ जगज्जेतेपदाच्या पट्ट्यांचा: संघटना चार, त्यामुळे जगज्जेतेही अनेक. १९९९ च्या लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता मिळायला २०२४ उजाडले, तोही युक्रेनचा उसिक, मूळचा क्रूझरवेट! दरारा आपल्याकडेही ओसरला: गादीवरच्या कुस्तीत निकाली झुंजीऐवजी सहा मिनिटांचा गुणांचा हिशेब आला. महाराष्ट्र केसरीत मात्र गादीबरोबर माती गटही टिकून आहे.