कॉफीच्या कपात पीचचा स्वाद

कॉफी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोड्याच्या वासाची वाफाळती कॉफी, नाहीतर दक्षिणेकडची चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी. अशा घरात कोणी ‘पीचबरोबर आंबवलेली, हलकी भाजलेली’ कोलंबियाची कॉफी आणली, तर पहिल्या घोटालाच घरातले विचारतात, ‘‘ही कॉफी आहे की फळांचा चहा?’’

प्रश्न रास्त आहे. हिचा रंग कोऱ्या चहासारखा तांबूस, कडवटपणा अगदी थोडा आणि वास मात्र थेट पिकलेल्या पीचचा! परंतु ही जादू वरून ओतलेल्या इसेन्सची असतेच असे नाही.

मुळात कॉफी ही एका लालचुटूक फळातली बी. तिच्याभोवती गोड, बुळबुळीत गर असतो. तो सुटावा म्हणून बिया काही तास आंबवून धुण्याची रीत जुनीच आहे. डोशाच्या पिठात होते तसेच येथेही होते : सूक्ष्मजंतू साखर खातात, आंबटपणा आणि नाना तऱ्हेचे सुवास तयार करतात. कोलंबियाच्या किंदिओसारख्या डोंगराळ प्रांतातल्या काही मळेवाल्यांनी याच टप्प्यावर नवी युक्ती काढली. बंद पिंपात कॉफीबरोबर पीच, स्ट्रॉबेरी किंवा पॅशनफ्रूटचा गर घालायचा, हवा आत जाऊ द्यायची नाही आणि काही दिवसांनी बिया काढून वाळवायच्या. फळाचा स्वाद बियांत मुरतो. चव कधीकधी वाइनची आठवण करून देते, पण दारूशी हिचा संबंध नाही.

हा खटाटोप कशासाठी? कॉफीचा भाव मळेवाला ठरवत नाही, तो न्यूयॉर्कच्या बाजाराकडे पाहून ठरतो. २०१८-१९ मध्ये तो पौंडाला १ डॉलरच्याही खाली गेला होता. २०२५ च्या सुरुवातीस ४ डॉलरच्या वर चढला खरा, पण असल्या चढउतारावर संसार कसा चालावा? ज्याची जमीन फार उंचावर नाही आणि झाडेही नेहमीच्या जातीची आहेत, त्याला पिंपातल्या या कॉफीने चार पैसे जास्त मिळतात.

हा स्वाद टिकावा म्हणूनच ती हलकी भाजतात. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास बी लाहीसारखी तडतडते. त्यानंतर थोड्याच वेळात भाजणे थांबवतात. पुढे भाजत राहिले की बी काळपट होते, कडू होते आणि फळाचा वास उडून जातो. रंग फिका म्हणून हिच्यात कॅफिन कमी असेल, असे मात्र समजू नका. रात्री उशिरा प्याल तर झोप उडेलच!

करताना १५ ग्रॅम पुडीला सुमारे २५० मिलिलिटर पाणी घ्या. उकळी आलेले पाणी अर्धा मिनिट थांबवून कागदी गाळणीतून हळूहळू ओता. दूध-साखर नको, निदान पहिल्या कपात तरी नको. आणि घाई करू नका. कढत असताना फक्त वास कळतो, चव उलगडते ती कोमट झाल्यावर. चव पारखणारे जाणकार चमच्याने चक्क मोठ्याने भुरका मारतात, कारण त्यामुळे वास नाकापर्यंत पोहोचतो. लहानपणी ज्यासाठी आपण बोलणी खाल्ली, तेच येथे रीतसर मानले जाते.

आता वादाचा मुद्दा. जुन्या जाणकारांची तक्रार अशी, की मातीचा, जातीचा, उंचीचा स्वाद फळाखाली दडपला, तर कॉफी पारखायची कशी? काही स्पर्धांत म्हणूनच अशी कॉफी घेत नाहीत. मला ही तक्रार अर्धीच पटते. आपण जायफळ घालतो तेव्हा कॉफी बाटली असे कोणी म्हणत नाही, कारण घालणाऱ्याला आणि पिणाऱ्याला ते ठाऊक असते. चिकोरीचेही तेच. आपल्याकडे चिकोरीमिश्रित कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापावेच लागते. मग पीच घातले असेल तर तसे स्पष्ट लिहायला काय हरकत आहे? गोंधळ असा, की फळ अजिबात न घालता, फळासकट उन्हात वाळवलेल्या कॉफीलाही बेरीसारखा स्वाद येतो आणि पाकिटावर दोन्हीकडे फळांचीच नावे दिसतात. तेव्हा दुकानदाराला सरळ विचारा : ‘‘हे फळ पिंपात घातले होते, की हा नुसता चवीचा अंदाज आहे?’’ ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून महागडी कॉफी घेऊ नये.

चवीचे म्हणाल तर पहिला कप मोठ्या मौजेचा, दुसराही चांगला. रोज सकाळी मात्र मी ती पिणार नाही. गोडसर वासाचा लवकरच कंटाळा येतो. पाहुण्यांना जेवणानंतर लहान कपातून द्यायला ती छान. थोडीच आणा, आणि डबा व दळायचे यंत्र शक्यतो वेगळे ठेवा. या बियांचा वास चिवट असतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या फिल्टर कॉफीलाही पीचचा वास यायचा!