‘शुअरली’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे

आपल्या मॉरिशसच्या मराठी घरांत मुले क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात आणि परीक्षेचा पेपर इंग्रजीत लिहितात. आजीशी मराठी, जिथे ती टिकली आहे तिथे. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत कधी जाऊन बसतो ते कळतही नाही. ‘शुअरली’ हा शब्द असाच फसवा आहे.

त्याचा अर्थ मुले ‘नक्की’ असा पाठ करतात. पण ज्याला पुरती खात्री असते तो इंग्रज ‘सर्टनली’ किंवा ‘डेफिनिटली’ म्हणतो. ‘शुअरली’त खात्रीपेक्षा अपेक्षा अधिक, ऐकणाऱ्याने होकार द्यावा असा त्यात आग्रह असतो. ‘शुअरली यू नो हिम’ म्हणजे ‘तुम्ही त्याला नक्की ओळखता’ नव्हे, तर ‘अहो, तुम्ही त्याला ओळखतच असाल ना?’ आपल्या मराठीत हे काम ‘च’ आणि ‘ना’ ही एवढीशी अक्षरे करतात.

त्यात क्रिओलचा ‘सिरमाँ’ आडवा येतो. ‘सिरमाँ ली पू विनी’ म्हणजे तो बहुतेक येईल. हा फ्रेंच ‘स्यूरमाँ’चा वंशज, आणि ‘शुअरली’ही त्याच कुळातला. मूळ लॅटिन शब्द ‘सेक्युरुस’, अर्थ काळजी नसलेला. आपल्या भाषेत निश्चिंत! घराणे एक, पण वागणूक वेगळी.

याची किंमत कागदावर मोजावी लागते. नोकरीचा अर्ज धाडलेला मुलगा महिन्याने लिहितो, ‘शुअरली यू हॅव रिसीव्हड माय ॲप्लिकेशन.’ त्याच्या मनात ‘अर्ज मिळाला असावा’ एवढेच असते. साहेबाला मात्र ऐकू येते, ‘अर्ज मिळालाच असेल, मग उत्तर का नाही?’ तिथे साधे ‘आय होप’ बरे. साक्षीत तर अधिकच जपावे. ‘ही वॉज शुअरली देअर’ म्हणणाऱ्याने त्या माणसाला पाहिले असे ठरत नाही. तो तिथे असणारच, असा त्याचा तर्क ठरतो. डोळ्यांनी पाहिले असेल तर ‘आय सॉ हिम’ म्हणावे, क्रियाविशेषण लागतच नाही.

‘स्लोली बट शुअरली’ या जोडीत मात्र जुना अर्थ शाबूत आहे: हळू, पण न चुकता. तिथे ना अपेक्षा, ना आग्रह. आणि कोणी मदत मागितली, तर आपल्या ‘अवश्य’ला इंग्रजीत ‘सर्टनली’ म्हणावे. अमेरिकन मनुष्य नुसते ‘शुअर’ म्हणून मोकळा होतो, तेही चालते. पण परीक्षेच्या पेपरात नको.