मोजमापातून गुणवत्ता : सांख्यिकीय प्रक्रिया नियंत्रणाची ओळख

लघुउद्योजकाच्या पतप्रस्तावाची छाननी करताना बँक अधिकारी यंत्रसामग्रीची किंमत, अपेक्षित विक्री, येणी-देणी आणि तारण या बाबी बारकाईने तपासतो. मात्र कारखान्याच्या कोपऱ्यात साचलेल्या, नाकारलेल्या मालाच्या ढिगाकडे त्याचे, आणि पुष्कळदा उद्योजकाचेही, पुरेसे लक्ष जात नाही. वास्तविक त्या ढिगात कच्चा माल, वीज, मजुरी आणि खेळत्या भांडवलावरील व्याज असे सारेच अडकलेले असते.

एक काल्पनिक, परंतु व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. एखादा कारखाना दरमहा १,००,००० सुटे भाग तयार करतो. प्रत्येक भागाचा उत्पादनखर्च ४० रुपये आहे आणि १०० पैकी ४ भाग नाकारले जातात. भंगारात प्रत्येकी ८ रुपये परत मिळतात, असे धरले तरी दरमहा १,२८,००० रुपयांचा तोटा होतो. नाकारल्या जाणाऱ्या भागांचे प्रमाण १ टक्क्यावर आले तर हा तोटा ३२,००० रुपयांवर येतो. म्हणजे वर्षाला ११,५२,००० रुपये वाचतात. ५० लाख रुपयांच्या कॅश क्रेडिटवर १० टक्के दराने वर्षाचे व्याज ५ लाख रुपये होते, हे लक्षात घेतले म्हणजे या बचतीचे मोल समजते. शिवाय नाकारलेला माल साठापत्रकात किमतीस धरला जात नाही. ग्राहकाने माल परत पाठवून डेबिट नोट काढली की येणीही घटतात. परिणामी उचल करण्याची मर्यादा नेमकी गरजेच्या वेळी आकसते.

तपासणी आणि नियंत्रण

यावर बहुतेक ठिकाणी योजला जाणारा उपाय म्हणजे तपासनीस वाढवणे. परंतु तयार झालेला माल तपासून चांगला आणि वाईट वेगळा करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, असाच प्रकार होय. तपासणीने वाईट माल ग्राहकापर्यंत जाणे थांबते, तो तयार होणे थांबत नाही. वाईट माल तयार होऊ लागण्यापूर्वीच प्रक्रियेतील बदलाची चाहूल घेण्याचे शास्त्र म्हणजे सांख्यिकीय प्रक्रिया नियंत्रण.

या शास्त्राचा पाया अमेरिकेत घातला गेला. वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एका पानाचे टिपण सादर केले. त्या टिपणात एका आलेखाचा आराखडा होता. तोच जगातील पहिला नियंत्रण आलेख. पुढे १९३१ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि त्यांच्याच निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. शूहार्ट यांचे विचार डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी उद्योगांपुढे मांडले. १९५१ पासून जपानमध्ये दिला जाणारा डेमिंग पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे. हा पुरस्कार १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन या भारतीय कंपनीने, तर २००३ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या शेती अवजारे विभागाने मिळवला.

दोन प्रकारची कारणे

एकाच यंत्रावर, एकाच कामगाराने, एकाच सळईपासून केलेले दोन भागही तंतोतंत सारखे नसतात. शूहार्ट यांनी या फरकामागील कारणांची दोन गटांत विभागणी केली. यंत्राची सूक्ष्म कंपने, धातूच्या कठीणपणातील किरकोळ फरक, तापमानातील चढउतार ही कारणे सदैव उपस्थित असतात. त्यांना सर्वसाधारण कारणे म्हणावे. याउलट घासलेले टूल, सैल झालेली पकड, बदललेला कच्चा माल किंवा चुकलेले सेटिंग ही विशेष कारणे होत. ती अधूनमधून उद्भवतात आणि शोधून दूर करता येतात.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. त्यात माणसाला मिळणाऱ्या न्यायाचाही प्रश्न आहे. सर्वसाधारण कारणांमुळे झालेल्या दोषाबद्दल कामगाराचा दंड कापणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. कारण यंत्र, कच्चा माल आणि कामाची पद्धत निवडणे त्याच्या हाती नसते. ती जबाबदारी व्यवस्थापनाची आहे.

आलेख कसा तयार होतो?

समजा, लेथवर २५.०० मिलीमीटर व्यासाचा शाफ्ट तयार होत आहे आणि ग्राहकाने ०.०५ मिलीमीटर कमी-अधिक फरक मान्य केला आहे. म्हणजे २४.९५ ते २५.०५ ही ग्राहकाची मर्यादा झाली. दर तासाला सलग तयार झालेले ५ शाफ्ट घ्यावेत, मायक्रोमीटरने मोजावेत आणि दोन आकडे काढावेत: पाचांची सरासरी, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातील अंतर, म्हणजेच विस्तार. असे किमान २० नमुने झाले की सर्व सरासरींची सरासरी आणि विस्तारांची सरासरी काढावी. समजा ती अनुक्रमे २५.००४ आणि ०.०२८ आली.

आता मर्यादा ठरवायच्या. पाचाच्या नमुन्यासाठी तयार कोष्टकात ०.५७७ हा गुणक दिलेला असतो. ०.०२८ ला त्याने गुणले की ०.०१६ येतात. ते सरासरीत मिळवले की वरची नियंत्रण मर्यादा २५.०२० आणि वजा केले की खालची २४.९८८ मिळते. विस्ताराची वरची मर्यादा काढण्यासाठी २.११४ हा गुणक वापरला की ०.०५९ हा आकडा येतो. खालची मर्यादा शून्य असते. या मर्यादा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर असतात. प्रक्रिया स्थिर असेल तर १०० पैकी सुमारे ९९.७ बिंदू त्यांच्या आतच पडतात. म्हणून एखादा बिंदू बाहेर गेला की तो योगायोग न मानता कारण शोधावे. सलग ८ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडणे, हाही तसाच इशारा होय.

समजा, एका तासाची मापे २५.०१२, २५.०२१, २५.०३०, २५.०२४ आणि २५.०२८ अशी आली. पाचही शाफ्ट ग्राहकाच्या मर्यादेत आहेत. तपासनीस ते निःशंकपणे पुढे पाठवील. परंतु त्यांची सरासरी २५.०२३ आहे, म्हणजे नियंत्रण मर्यादेच्या बाहेर. लेथवर टूल घासत गेले की व्यास वाढत जातो. ऑपरेटरने याच वेळी टूल बदलले तर एकही शाफ्ट वाया जात नाही. आलेखाचे सारे मोल या आगाऊ सूचनेत आहे.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. ग्राहकाची मर्यादा आणि नियंत्रण मर्यादा यांची गल्लत होता कामा नये. पहिली रेखाचित्रावरून येते, दुसरी प्रत्यक्ष प्रक्रियेतून. पहिली एकेका शाफ्टला लागू होते, दुसरी नमुन्याच्या सरासरीला. म्हणून दोन्ही एकाच आलेखावर काढू नयेत.

अनावश्यक ढवळाढवळ

विशेष कारणाकडे दुर्लक्ष करणे जसे घातक, तसेच प्रत्येक किरकोळ फरकावर उपाय करणेही घातक. कर्तव्यदक्ष ऑपरेटर पुष्कळदा एक भाग थोडा मोठा आला की सेटिंग तेवढेच खाली आणतो आणि पुढचा लहान आला की पुन्हा वर नेतो. प्रक्रिया मुळात स्थिर असताना असे प्रत्येक भागानंतर केले तर मापांचा पसारा कमी न होता सुमारे १.४ पट वाढतो, हे गणिताने सिद्ध होते. डेमिंग आपल्या व्याख्यानांत नरसाळ्यातून गोट्या सोडण्याच्या प्रयोगाने हेच दाखवून देत. हात केव्हा लावावा याइतकेच तो केव्हा लावू नये, हेही आलेख शिकवतो.

प्रक्रियेची क्षमता

प्रक्रिया स्थिर झाल्यावरच ती ग्राहकाची गरज भागवण्यास समर्थ आहे का, हा प्रश्न विचारता येतो. आपल्या उदाहरणात ०.०२८ ला २.३२६ ने भागले की प्रमाण विचलन ०.०१२ मिळते. ग्राहकाने दिलेली एकूण सूट ०.१० आहे. तिला प्रमाण विचलनाच्या सहा पटीने भागले की क्षमता निर्देशांक सुमारे १.३८ येतो. परंतु सरासरी २५.०० ऐवजी २५.००४ वर असल्याने वरच्या बाजूचे अंतर कमी पडते आणि प्रत्यक्ष निर्देशांक १.२७ वर येतो. मोटार उद्योगातील ग्राहक सामान्यतः किमान १.३३ ची अपेक्षा धरतात. या ठिकाणी नवे यंत्र घेण्याची आवश्यकता नाही, सेटिंग ०.००४ मिलीमीटरने खाली आणले की पुरेसे आहे. याउलट पहिलाच निर्देशांक १ च्या खाली असता, तर कितीही दक्षता घेतली तरी काही माल वाया जाणारच होता. यंत्रासाठी मुदत कर्जाचा प्रस्ताव मांडणाऱ्या उद्योजकाजवळ असा आलेख असेल तर नव्या यंत्राची गरज आपोआप सिद्ध होते, आणि नसेल तर अनावश्यक कर्जाचा भार टळतो.

बँकेच्या कामकाजातही

हे तंत्र केवळ लेथपुरते मर्यादित नाही. समजा, एखाद्या केंद्रात रोज खाते उघडण्याचे २०० अर्ज येतात आणि त्रुटींमुळे सरासरी ६ टक्के परत पाठवावे लागतात. याच पद्धतीने मर्यादा काढल्या तर त्या सुमारे १ टक्का आणि ११ टक्के येतात. एखाद्या दिवशी हे प्रमाण ९ टक्के झाले म्हणून कर्मचाऱ्याकडे स्पष्टीकरण मागणे अनाठायी ठरेल. ते १४ टक्के झाले तर मात्र त्याच दिवशी चौकशी करावी. कदाचित अर्जाचा नमुना बदलला असेल किंवा नवी सूचना नीट समजली नसेल. आणि मुळात ६ टक्के हेच प्रमाण अधिक वाटत असेल, तर व्यक्तींना बोल न लावता अर्जाची रचना आणि कामाची पद्धत सुधारावी लागेल.

प्रारंभ कसा करावा?

लुधियाना, राजकोट, कोइंबतूर किंवा भोसरी येथील लहान कारखान्यालाही हे सहज शक्य आहे. सर्वाधिक माल वाया घालवणारे एकच माप निवडावे. मोजमापाचे साधन प्रमाणित करून घ्यावे आणि ते पुरेसे सूक्ष्म असावे. वरील उदाहरणात ०.००१ मिलीमीटरपर्यंत वाचन देणारा मायक्रोमीटर हवा. आलेख यंत्राजवळच टांगावा आणि तो ऑपरेटरने स्वतः भरावा. बिंदू बाहेर गेला की कारण आणि केलेला उपाय तेथेच लिहून ठेवावा. संगणक असल्यास उत्तम. नसल्यास आलेख कागद, पेन्सिल आणि साधे गणनयंत्र पुरते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३९७ हे मानक या विषयावरच आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२२ मध्ये नव्या स्वरूपात आणलेल्या झेड प्रमाणपत्र योजनेचा हेतूही दोषरहित उत्पादनाचा आहे.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. आलेखावरील वाईट बिंदूबद्दल ऑपरेटरला शिक्षा झाली, तर पुढचे बिंदू सुंदर दिसतील, पण ते खरे असणार नाहीत. खोटा आलेख हा आलेख नसण्याहून वाईट. हिशेबाच्या वहीत आपण जी सचोटी अपेक्षितो, तीच येथेही हवी. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबाथेंबाने रितेही होते. गळती नेमकी कोठे आहे हे दाखवणारे हे साधन अल्प खर्चात उपलब्ध आहे. त्याचा अंगीकार करणाऱ्या उद्योजकाची पत ग्राहकाकडेही वाढेल आणि बँकेकडेही.